धारण तलाव

कोपरखैरणे, औषधांच्या दुकानावरचा पहिला मजला,
एसी अठरावर, पडदा ओढलेला.
डाव्या कुशीवर वळा, हात उशाखाली घ्या, जेल गार लागेल,
हे मी दिवसातून बावीस वेळा म्हणते.
हिरामण वैती, वय एकाहत्तर.
"गार कसला? माघात खाडीत उभा राह्यलेला मानूस हाय मी."

स्क्रीनवर त्यांची डावी जवनिका,
नको तेवढी ऐसपैस.
"ह्ये काय उघडतं-मिटतं?"
झडप, मी म्हटलं. वरच्या कप्प्यातलं रक्त खाली येऊ देते.
"आनि परत वर जाऊ देत नाय?"
नाही.
"फ्लॅप गेट!" त्यांनी मानच उचलली.
हलू नका काका.

तीस वर्षं वाशीच्या धारण तलावावर ड्युटी.
भरतीला खाडी लोखंडी झापेला बाहेरून छाती लावते,
झाप गच्च.
तेवढ्या वेळात गटारं अख्ख्या सेक्टरचं पाणी आणून ओततात,
तळं फुगत जातं.
मग ओहोटी. बाहेरचा रेटा उतरतो,
झाप किलकिली होते,
आणि साचलेलं सगळं एका दमात खाडीकडे.
"हात कुनी लावत नाय. दोन अंगांचं पानीच ठरवतं, कवा उघडायचं."

मला हे कॉलेजात असं कुणी सांगितलं नव्हतं.
तिथे प्रीलोड होता, आफ्टरलोड होता,
पाच गुणांना 'फरक स्पष्ट करा'.
मी लिहिलाही होता, समास आखून.
आज कळलं :
आकुंचनाआधी तळं किती भरलं, काठ किती ताणले, तो पहिला.
आणि दुसरा, झापेबाहेरची भरती.

तुमचं प्रेशर किती असतं?
"एकशे सत्तर. पन झोप बरी लागते."
म्हणजे काका, तुमच्या दाराशी बारा महिने उधाण.
ते बराच वेळ गप्प.
"रोज उधान असला," मग म्हणाले, "तं पंप जळतो."

मी चित्र थांबवलं.
सर्वांत भरलेल्या क्षणी आतल्या कडेवरून रेघ फिरवली,
सर्वांत रिकाम्या क्षणी पुन्हा.
मशीन वजाबाकी करतं, मग भागाकार.
भरलेल्यातलं बाहेर किती गेलं?
पस्तीस टक्के.
रिपोर्टवर आम्ही बोलायचं नसतं. डॉक्टर सांगतील.
पण चष्म्याशिवाय त्यांनी आकडा वाचलाच.
"पस्तीस. काठावर पास."
शंभर कुणालाच नसतात, मी म्हटलं,
धडधाकट माणसालाही साठच्या आसपास.
"मंग बाकीचा?"
आतच राहतं.
"राहनारच. तलाव पुरा उपसायचा नसतो पोरी,
तळाला थोडा पानी लागतो.
नायतर चिखल भेगाळतो, बगळं निघून जातात."

डॉप्लर लावला. खोलीभर हुश्श, हुश्श,
त्यांनी डोळे मिटले,
ड्युटीवर रात्री ऐकत असतील तसं ऐकलं.
"झाप नीट बसत नाय. कुठंतरी सुटतंय."
'किंचित गळती' मी दोन मिनिटांपूर्वीच टाइप केलं होतं.
पुढे म्हणाले, "आनि घाई करतो बग.
उपसायला येळ लागत नाय, भरायला लागतो.
ह्यो भरूच देत नाय."
नाडी एकशे आठ. प्रसरणाला जागाच उरलेली नाही,
हे वाक्य माझ्याकडे इतकं सोपं नव्हतं.

चार टिश्यू दिले. जेल पुसताना
शर्टाचं एक बटण चुकलं, मग शेवटपर्यंत सगळी चुकली.
"आज अष्टमी," दारातून म्हणाले,
"भांग हाय. भायेर पानी कमी."
हो, मी म्हटलं. गोळी चुकवू नका.

पुढचं नाव पुकारायच्या आधी
जिन्यावरची त्यांची पावलं ऐकू आली.
दोन पायऱ्या, थांबणं.
दोन पायऱ्या.
थांबणं जास्त लांब.